ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर: दर्यापूरकडच्या रस्त्यांवर वर्षभर वापरून झाल्यावर

स्टेअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, बऱ्याच जणांनी ते कधी पाहिलेलंही नसतं, त्यात लावायचा छोटासा डबा म्हणजे ओबीडी स्कॅनर. मोबाईलमध्ये ॲप टाकायचं, चावी ऑन करायची, ब्लूटूथने जोडायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरने काय काय तक्रारी नोंदवून ठेवल्यात त्या वाचायच्या. मी घेतला तो ईएलएम ३२७ या नावाने ऑनलाईन मिळतो तोच, सहाशेच्या आसपास पडला. पाचपैकी चार देईन. एक का कापला ते पुढे येईलच, पण आधी तो घ्यायची गरज का पडली ते सांगते, कारण शहरात राहणाऱ्याला कदाचित याची तेवढी गरज वाटणार नाही.

मी दर्यापूर तालुक्यात राहते, शाळा दुसऱ्या गावात, रोजचं जाणंयेणं गाडीनेच. गाडी २०१६ ची, पेट्रोल. शोरूम अमरावतीला नाहीतर अकोल्याला, कुठेही जा पन्नासेक किलोमीटर. गावातला मिस्त्री हुशार आहे, ट्रॅक्टरचं इंजिन खोलून परत बसवतो, पण त्याच्याकडे स्कॅनिंगची मशीन नाही. म्हणजे डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागला की एक रजा टाका, अमरावतीला जा, गाडी दिवसभर ठेवा, आणि संध्याकाळी कळणार की काहीतरी फालतू होतं. किंवा मोठं होतं आणि आपण पन्नास किलोमीटर तशीच दामटत आणली. दिवा लागला तेव्हा त्यातलं नेमकं काय हे घरीच कळावं, एवढ्याचसाठी मी हा घेतला.

कोणत्या गाडीला चालतो? आपल्याकडे ओबीडी-२ आलं २०१३ च्या एप्रिलपासून, प्रदूषणाच्या नियमांपैकी बीएस-४ देशभर सक्तीचं झालं २०१७ च्या एप्रिलला आणि बीएस-६ २०२० च्या एप्रिलला. त्यामुळे २०१७ नंतरच्या गाडीला चालायलाच पाहिजे, २०१३ ते १७ मधल्या बहुतेकांना चालतो, त्याआधीचीला सॉकेट असलं तरी जुळेलच असं नाही. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्या आणि जुन्या डिझेल जीप यांच्यासाठी पैसे घालवू नका, तिथे वाचायला कॉम्प्युटरच नाही.

आता एक गोष्ट जी स्कॅनर घेण्याआधी प्रत्येकाला माहीत पाहिजे, कारण ती लोक उलटी समजतात. दिव्याचा रंग पाहा. लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधत बसायचं नाही. तेलाच्या बुधलीसारखं लाल चिन्ह लागलं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद, घर दिसत असेल तरी बंद, कारण ऑइलचं प्रेशर गेलं की इंजिन आतून घासतं आणि मग खर्च हजारांत नाही, लाखाच्या गोष्टी सुरू होतात. तापमानाचा लाल दिवा, तसंच. बॅटरीचा लाल दिवा चालू गाडीत लागला म्हणजे चार्जिंग होत नाहीये, एसी-टेप बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, इंजिन मात्र मध्ये कुठे बंद करू नका, परत चालू होईलच याची खात्री नाही. पण त्यातही तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात, बेल्टच तुटला असेल तर थोड्याच वेळात गाडी गरम होणार.

पिवळा इंजिनचा दिवा, तो स्कॅनरचा विषय. त्यातही दोन प्रकार. नुसता लागून राहिला आणि गाडी नीट चालतेय तर आरामात घरी या, मग पाहू. उघडझाप करत असेल आणि गाडी थरथरत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो लालभडक तापून खराब होतो. तो पार्ट फार महाग. म्हणून उघडझाप दिसली की पाय सोडायचा, थांबायचं.

माझ्या गाडीला हेच झालं. दिवाळीनंतर कधीतरी ओव्हरटेक करताना गाडी अडकल्यासारखी झाली, दिवा उघडझाप करायला लागला. मी पाय सोडला, बाजूला घेतली, स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०२. हे कोड एकदा समजून घेतले की सोपे आहेत. पी म्हणजे इंजिन-गिअरचा भाग, पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच असलेला कोड, ३ म्हणजे इग्निशनकडचा, आणि ०३०१, ०३०२, ०३०३ असं असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण का? प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती), इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो), वायर, यातलं काहीही असू शकतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हजेरीपत्रकात पोरगं गैरहजर दिसतं, ते तापाने पडलंय की कापूस वेचायला गेलंय हे हजेरीपत्रक सांगत नाही, त्यासाठी घरी जाऊन विचारावं लागतं. कोड तसाच आहे. कोड वाचून सरळ पार्ट मागवणारे लोक पाहिलेत मी आणि ते पैसे वाया जाताना पाहून खरंच वाईट वाटतं.

एका ठिकाणी फोनवर विचारलं तर सगळे प्लग, सगळ्या कॉइल आणि वर इंजेक्टर क्लीनिंग असं पॅकेज सांगितलं. मी गावातल्या मिस्त्रीकडेच गेले आणि मोबाईल त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "थांबा मॅडम, आधी कॉइल बदलून पाहू, दोन नंबरची तीनवर लावू अन् तीनची दोनवर." इंजिन थंड असताना दोन कॉइल अदलाबदल केल्या, कोड पुसला, गाडी थोडी फिरवली, आणि आता कोड आला पी ०३०३. म्हणजे बिघाड कॉइलसोबत सरकला, कॉइलच खराब. तो तिथेच दोन नंबरवर राहिला असता तर मग प्लग, नाहीतर इंजेक्टर. एकच कॉइल अमरावतीहून ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातून मागवली, संपलं. हा प्रयोग ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे तिथे कोणालाही करता येतो, हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

आणि इथे एक सांगावंसं वाटतं. बाई गाडी घेऊन गॅरेजला गेली की पहिला प्रश्न "सर नाही आले काय?" हा असतो, मग जे सांगायचं ते सरांना फोन करून सांगतात. मोबाईलवर कोड आणि आकडे घेऊन उभी राहिले तेव्हापासून बोलणं माझ्याशी व्हायला लागलं. कोणाचा अपमान करायचा नाही, भांडायचं नाही, फक्त "भाऊ, हा कोड आला, तुम्हाला काय वाटतं" एवढंच म्हणायचं. मिस्त्रीलाही बरं वाटतं, त्याचाही वेळ वाचतो. माझ्यासाठी हा फायदा त्या सहाशे रुपयांपेक्षा मोठा आहे.

दुसरा किस्सा उंदरांचा. आमच्या घरी हरभऱ्याची पोती आली की उंदीर येतात आणि गाडी तिथेच शेडमध्ये. एक दिवस सकाळी गाडी चालू केली तर रेडिएटरचा पंखा पहिल्या सेकंदापासून फुल्ल, बंदच होईना, आणि पिवळा दिवा. कोड पी ०११८, कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सर. यात ॲपमधलं लाइव्ह डेटाचं पान उघडलं आणि कूलंटचं तापमान पाहिलं तर उणे ४०. बाहेर घाम गळतोय आणि गाडी म्हणतेय उणे ४०! हा आकडा लक्षात ठेवा, तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली किंवा प्लग निघाला की कॉम्प्युटरला सहसा उणे ४० च दिसतं, आणि खरं तापमान कळत नाही म्हणून तो सुरक्षेसाठी पंखा चालूच ठेवतो. मिस्त्रीने बोनेट उघडून दोन मिनिटांत दाखवलं, "सेन्सर चांगला हाय मॅडम, वायर खाल्ली उंदरानं." जोड मारला, टेप लावली. नवीन सेन्सर घेतला असता तरी तुटक्या वायरवर तो काय करणार होता? तेव्हापासून शेतातला माल घरात असेपर्यंत मी दर रविवारी बोनेट उघडून लेंड्या दिसतात का पाहते, तुम्हीही पाहा, वायरिंग एकदा खोलवर कुरतडली की शोधता शोधता मिस्त्रीचा दिवस जातो.

असाच एक शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीचा. गाडी ओढेना, पिकअप गेला, पी ०१०२. हा हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कोड, सिग्नल कमी येतोय असा. मी विचारलं, "काका, एवढ्यात काही काम केलं का?" तर म्हणे एअर फिल्टर साफ करून घेतला, धूळ फार होती. तिथेच सेन्सरचा प्लग अर्धवट बसलेला होता. दाबला, टक्‌ आवाज आला, कोड पुसला, झालं. आमच्याकडे मळणीच्या दिवसांत हवेतच भुसा असतो, एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच पाहावा लागतो, पण साफ केल्यावर जे जे काढलं ते परत बसलं का हे पाहणं तेवढंच गरजेचं.

आता उन्हाळा. यासाठीच मी हा डबा कोणालाही घ्यायला सांगेन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, लग्नसराई तेव्हाच, गाडीत पाच-सहा माणसं, एसी फुल्ल, वर रस्त्याचं काम चालू म्हणून गाडी रांगेत उभी. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पुष्कळ गाड्यांत मध्येच चिकटून राहतो, थोडा वर गेला तरी दाखवत नाही आणि दाखवतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता दिवा. ॲपवर खरा आकडा दिसतो. माझ्या गाडीत चालताना ८८-९० च्या जवळ राहतो, उभी राहिली की ९६-९७ ला पंखा लागतो आणि खाली येतो. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा काय आहे हे थंडीतच पाहून ठेवा म्हणजे उन्हाळ्यात कळेल की वेगळं काय होतंय. उभी असताना वाढतं आणि चालताना उतरतं तर पंख्याकडे पाहा, पंखा, त्याचा रिले, फ्यूज. चालताना, वेगातही वाढत असेल तर रेडिएटर आतून-बाहेरून चोंदला असेल, कूलंट कमी असेल, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा) अडकला असेल. १०५-११० च्या पुढे जायला लागलं तर एसी बंद, हीटर फुल्ल गरमवर (हो, उन्हाळ्यात, त्रास होतो पण इंजिनची गरमी तिकडून निघते), आणि जागा मिळेल तिथे थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाहीच. आत दाब असतो, त्या दाबामुळेच शंभरच्या वर जाऊनही ते उकळत नाही, झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, लग्नाला उशीर झाला तर झाला.

आणि पाणी. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. माणूस ते पीत नाही पण रेडिएटरमध्ये बिनधास्त ओततात! क्षार आत बसतात, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, बारीक नळ्या चोंदतात आणि मग पुढच्या उन्हाळ्यात गाडी का गरम होते म्हणून थर्मोस्टॅट बदलत बसतात. तयार मिसळलेलं कूलंट वापरा, किंवा घट्टवालं घेतलं तर त्यात बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी मिसळा. एकदम अडचणच आली तर आरओचा जार चालेल, पण नंतर ते काढून टाकून नीट कूलंट भरा. यासाठी कोणत्याच स्कॅनरवर कोड येत नाही, हे आपलं आपण पाहायचं.

बॅटरीसाठीही वापर होतो. सकाळी गाडी चालू करायच्या आधी व्होल्टेज पाहायचं, १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर, १२ च्या खाली गेली तर चार्ज करा. चालू गाडीत साधारण १३.५ ते १४.७ मध्ये पाहिजे, चालू असूनही १२ च्या घरातच राहिलं तर बॅटरीला नावं ठेवू नका, अल्टरनेटर किंवा बेल्ट पाहा. नवीन काही गाड्यांत चार्जिंग कमी-जास्त होणं हे मुद्दाम केलेलं असतं, तिथे एका आकड्यावरून ठरवू नका. लोक म्हणतात थंडीत बॅटरी जाते, पण तिचं खरं वाटोळं उन्हाळ्यात होतं, थंडीत फक्त उघडं पडतं.

सीएनजीवाल्यांसाठी थोडक्यात, शाळेतल्या एका सरांनी बाहेरून किट बसवलंय, त्यांना पी ०१७१ येत राहतो, म्हणजे इंधन कमी, हवा जास्त. पेट्रोलवर येत नाही आणि गॅसवरच येतो तर किटचं ट्यूनिंग आधी तपासा. आणि गॅसला ठिणगी जोरदार लागते म्हणून प्लग लवकर बदला.

याने काय कळत नाही ते आता. ब्रेक, क्लच, टायर, सस्पेन्शन, बेअरिंग, यातलं काहीच नाही. कॉम्प्युटरला ते दिसतच नाही. ब्रेक दाबल्यावर किर्र किर्र बारीक आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, घर्र घर्र लोखंडावर लोखंड आलं म्हणजे संपलेत, त्या दिवशीच बदला. चढावर किंवा चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला तर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, तो क्लच. चाकातून घुंई आवाज, आणि वळणावर एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, ते बेअरिंग. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून गाडी काढली आणि डांबरी रस्त्यावर साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटला पळण्याआधी चाकाच्या आतल्या बाजूने रिममध्ये पाहा, तिथे चिखल वाळून बसलेला असतो एका बाजूला. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्या गाड्यांना हेच असतं. पाण्याचा जोराचा पाइप मारा, जातं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड सुद्धा या स्वस्तातल्या डब्यात सहसा वाचता येत नाहीत, डिझेल बीएस-६ मधल्या डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) माहितीही साध्या ॲपमध्ये मिळेलच असं नाही. त्यासाठी मोठी मशीन.

एक गुण का कापला. पहिला डबा आला तो जोडलाच गेला नाही, दिवा लागायचा पण गाडीशी बोलणं होईना, परत केला, दुसऱ्या विक्रेत्याचा आला तो चालला. बाजारात नकलांचीच गर्दी आहे, डब्यावर व्हर्जन काहीही छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालणार नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जी लिहिलेला घ्या. पासवर्ड बहुतेक १२३४ नाहीतर ००००. काम झालं की काढून ठेवा, बऱ्याच गाड्यांत त्या सॉकेटला चावी बंद असतानाही करंट असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी बसू शकते. ॲप मी 'कार स्कॅनर' नावाचं वापरते, 'टॉर्क'ही पुष्कळ जण वापरतात, फुकटातलं रूप सुरुवातीला पुरतं. आणि गाडी चालवताना मोबाईलकडे पाहू नका, शेजारी बसलेल्याला आकडे वाचायला सांगा.

कोड पुसायचं बटण मोठं असतं आणि पोरांना ते दाबायची फार घाई असते. आधी स्क्रीनशॉट काढा. कोडसोबत त्या क्षणाचे आकडेही साठवलेले असतात, वेग किती, तापमान किती, इंजिन किती फिरत होतं, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात, कोड पुसला की तेही जातं आणि मग मिस्त्रीला अंधारात शोधावं लागतं.

याच पुसण्यावरून जुनी गाडी घेताना फार उपयोग होतो. माझ्या दिराला सेकंडहँड गाडी घ्यायची होती, आम्ही अमरावतीला पाहायला गेलो, गाडी चकाचक, एकही दिवा नाही, कोडही नाही. ॲपमध्ये "कोड पुसल्यापासूनचं अंतर" असा एक आकडा मिळतो, सगळ्या गाड्यांत नाही पण पुष्कळ गाड्यांत, तो फक्त ११ किलोमीटर निघाला. हल्ली काही काम केलं का विचारलं तर "काहीच नाही, ठणठणीत आहे" असं उत्तर. बॅटरी नवीन टाकली म्हणूनही काही गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो, म्हणून लगेच खोटं ठरवायचं नाही, पण तेवढं तरी सांगायला पाहिजे ना समोरच्याने. आम्ही म्हटलं, दादा, गाडी बडनेऱ्याकडून एक लांब चक्कर मारून आणतो. परत येईपर्यंत पिवळा दिवा लागलेला होता, कोड पी ०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा. कारण ऑक्सिजन सेन्सरही असू शकतं, सायलेन्सरमधली गळती सुद्धा असू शकते, पण भाव ठरवताना आम्ही मोबाईल टेबलवर ठेवला आणि त्यांना कमी करायला सांगितले, ते तयार झाले नाहीत, आम्ही निघालो. दिराने नंतर दुसरी घेतली, तिच्यात हाच आकडा नऊ हजारांच्या पुढे होता.

घेणार असाल तर हातात आल्या आल्या, परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करून पाहा. तुमच्याच गाडीत जोडतो का, कूलंटचं तापमान दिसतं का, आणि दाखवलेलं व्होल्टेज गावातल्या वायरमनच्या मल्टिमीटरशी जुळतं का. माझ्यात ०.२ चा फरक होता, ॲपच्या सेटिंगमध्ये तो दुरुस्त करता येतो.